खांब आणि थांबा

मराठीतील ‘थांबणे’ हे क्रियापद संस्कृत ‘स्तंभ्’ या धातूपासून प्राकृत ‘थंभ’ या रूपाच्या वाटेने आले आहे, आणि ‘खांब’ हा शब्द त्याच अर्थाच्या ‘स्कंभ’ या शब्दाचा वंशज आहे. वाटसरू ज्या जागी थांबतो ती जागा आणि त्या जागेवरचे छप्पर तोलून धरणारे लाकूड यांचे नाते अशा रीतीने भाषेनेच जपून ठेवले आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘मंझिल’ या शब्दाचीही मराठीत दोन रूपे झाली: दिवसभराच्या वाटचालीला ‘मजल’ म्हटले जाते, तर घराच्या एकावर एक चढणाऱ्या तळाला ‘मजला’. मूळ शब्दाचा अर्थ मात्र एकच होता, आणि तो म्हणजे प्रवासी जनावरावरून उतरतो ते ठिकाण. रस्ता आणि घर या दोन परस्परविरोधी वस्तू आहेत असे वरवर वाटते, कारण एक नेतो आणि दुसरे धरून ठेवते. परंतु वाटेवरच्या मुक्कामाच्या घरात त्या दोहोंचा सांधा जुळतो, आणि त्या सांध्याचा इतिहास इंग्लंडमधील मध्ययुगीन लाकडी पथिकगृहांत जसा वाचता येतो तसाच तो रत्नागिरी जिल्ह्यातील पालीसारख्या नाक्याच्या गावाच्या संदर्भातही वाचता येतो.

पाली हे गाव रत्नागिरी शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रकिनारा आणि सह्याद्री यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात आहे; अष्टविनायकांतील बल्लाळेश्वराची पाली रायगड जिल्ह्यात असल्यामुळे नामसाम्याने होणारा घोटाळा टाळण्यासाठी या गावाचा उल्लेख रत्नागिरीची पाली असाच करावा लागतो. गावाचे दैवत लक्ष्मीपल्लीनाथ असून ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती, म्हणून पल्लीनाथ हा वस्तीचा स्वामी ठरतो. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग हातखंब्याहून येथे येतो आणि पुढे लांज्याच्या दिशेने दक्षिणेला जातो, तर रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेला रस्ता येथेच त्याच्यापासून फुटून नाणीज, दाभोळे, साखरपा या गावांवरून आंबा घाट चढतो आणि मलकापूरमार्गे देशावर पोचतो. शेजारच्या गावाच्या नावात ‘खंबा’ हा शब्द असावा आणि पालीत रस्त्यांनी एकमेकांचा निरोप घ्यावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. किनाऱ्याला समांतर धावणारी वाट आणि किनाऱ्याला घाटमाथ्याशी जोडणारी वाट ही कोकणच्या भूगोलाची उभी-आडवी वीण आहे, आणि पाली त्या विणीतील एक गाठ आहे.

अशा गाठीवर वस्ती का वाढते, हे बैलाच्या चालीवरून समजते. घाटातून गाडीरस्ते होण्यापूर्वी कोकण आणि देश यांच्यातील व्यापार लमाण आणि वंजारी यांच्या तांड्यांवर, म्हणजे ओझ्याच्या बैलांच्या लांबलचक काफिल्यांवर, अवलंबून होता. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि सुपारी वर जात असे, आणि वरून गूळ, तंबाखू, धान्य आणि कापूस बंदरांकडे उतरत असे. ओझे वाहणारा बैल दिवसाकाठी फार मोठी मजल मारू शकत नाही, त्याला मध्येच चारा-पाणी लागते, आणि घाट चढण्यापूर्वी एक रात्र पूर्ण विश्रांती द्यावी लागते. त्यामुळे मुक्कामाची ठिकाणे माणसाच्या इच्छेपेक्षा जनावराच्या पायांनी आणि पाण्याच्या झऱ्यांनी ठरवली. पाण्याजवळची सपाटी, झाडाची सावली, एखादे देऊळ आणि त्याच्या समोरचा मांडव एवढ्यावर तांड्याचा मुक्काम पडे. पुढे तेथे गूळ-फुटाणे विकणारा एखादा वाणी येई, नाल ठोकणारा लोहार येई, गाडीचा आस दुरुस्त करणारा सुतार येई, आणि हळूहळू मुक्कामाचे नाव गावाच्या नावात विरून जाई.

इंग्लंडमध्ये हीच प्रक्रिया मेंढीच्या लोकरीने घडवली. सॉमरसेट परगण्यातील नॉर्टन सेंट फिलिप या खेड्यात ‘जॉर्ज’ नावाचे जे पथिकगृह आजही चालू आहे, ते जवळच्या हिंटन येथील कार्थुसियन पंथाच्या मठाने उभारले. हा मठ १२३२ साली स्थापन झाला होता आणि त्याच्या आश्रयाने भरणाऱ्या जत्रेत लोकरीच्या कापडाचा मोठा व्यवहार होत असे. जत्रेला आलेल्या व्यापाऱ्यांना निजायला जागा आणि त्यांच्या मालाला कोरडे कोठार हवे होते. ती गरज चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत उभ्या राहिलेल्या या इमारतीने भागवली. तिचा तळमजला दगडी आहे आणि त्यावरचे दोन लाकडी मजले प्रत्येकी खालच्यापेक्षा थोडे पुढे, रस्त्याच्या अंगावर आलेले आहेत. ग्लॉस्टर शहरातील ‘न्यू इन’ हे असेच दुसरे घर सुमारे १४५० साली जॉन ट्वायनिंग या मठवासी साधूने बांधवले. १३२७ साली मारल्या गेलेल्या दुसऱ्या एडवर्ड राजाची समाधी तेथील सेंट पीटरच्या मठात असल्यामुळे यात्रेकरूंचा ओघ वाढला होता, आणि त्यांच्यासाठी चौकाभोवती लाकडी सज्जे फिरवलेले हे प्रशस्त घर उभे राहिले. मठ आणि जत्रा, समाधी आणि यात्रा ही जोडी मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण देवस्थानाच्या सावलीत उभी राहिलेली धर्मशाळा हे तिचेच भारतीय रूप आहे.

या घरांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या लाकडी मजल्यांचा भार भिंती वाहत नाहीत. ओकचे झाड तोडून ते ओले असतानाच, म्हणजे त्यातील रस पूर्ण सुकण्यापूर्वीच, तासले जाई, कारण वाळलेला ओक लोखंडासारखा कठीण होतो आणि हत्याराला दाद देत नाही. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, जिला मराठी सुतार कुसू म्हणतो, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही एकमेकांत बसवून आरपार भोक घेऊन त्यात लाकडी मेख ठोकायची, आणि नंतर लाकूड वाळताना आक्रसत गेले की सांधा आपोआप अधिकाधिक आवळत जायचा, अशी ही रचना होती. संपूर्ण सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर जुळवून पाहिला जाई, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांच्या खुणा कोरल्या जात, मग तो सुटा करून गाडीतून जागेवर नेला जाई आणि खुणांनुसार पुन्हा उभा केला जाई. दोन खांबांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा नंतर भरून काढल्या जात. त्यासाठी हेझलच्या फांद्यांची विणलेली ताटी उभी करून तिच्यावर चिखल, शेण आणि पेंढ्याचे तूस यांचे लिंपण केले जाई. घराचे मोजमापही खोल्यांवरून न करता सांगाड्याच्या अशा गाळ्यांवरून, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांवरून होत असे.

या शेवटच्या मोजमापाला मराठीत नेमका शब्द आहे, आणि तो ‘खण’ हा आहे. कोकणातील जुने घर किती मोठे, याचे उत्तर चौरस फुटांत दिले जात नसे. ते तीन खणी किंवा पाच खणी असे सांगितले जाई, आणि ऐकणाऱ्याला त्यावरून खांबांची, तुळयांची आणि घरधन्याच्या ऐपतीची कल्पना येई. इंग्रजी घरातील विणलेली ताटी म्हणजे मराठीतील कूड: कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्यांचा कूड उभा करून तो शेणामातीने सारवण्याची पद्धत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सर्वांच्या परिचयाची होती. नव्या वास्तूच्या आणि लग्नमांडवाच्या आरंभी रोवला जाणारा पहिला लाकडी खांब म्हणजे मुहूर्तमेढ, आणि मराठी माणूस आजही संस्था असो की चळवळ, तिची मुहूर्तमेढ रोवली गेली असे म्हणतो. ज्या समाजाने आरंभाचे रूपक दगडातून न घेता लाकडाच्या खांबातून घेतले, त्याच्या मनात घर म्हणजे प्रथम सांगाडा आणि नंतर भिंत हाच क्रम रुजलेला असला पाहिजे. वैभवाचा पोकळपणा दाखवण्यासाठी ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण याच मनातून निघाली, कारण घराची खरी परीक्षा त्याच्या वाशांत असते हे या भाषेला माहीत होते.

कोकणी घराने हा सांगाडा आपल्या पावसाला अनुसरून बेतला. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे इंग्लंडमध्ये लाकूड दर्शनी भागावर मिरवते तसे ते येथे मिरवता येत नाही, त्याला छपराच्या पोटात लपवावे लागते. जांभा दगडाचे चिरे रचलेला चौथरा आणि भिंती, त्यांच्या आत फणस, साग, ऐन किंवा किंजळ यांचे खांब आणि तुळया, माथ्यावर आडवे गेलेले आढे, त्याच्यापासून दोन्ही पाख्यांवर उतरणारे वासे, त्यांवर बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्या आणि सर्वांत वर पूर्वी गवत, मग कुंभाराची नळ्यांची कौले आणि बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यानंतर पसरत गेलेली मंगळुरी कौले, असा त्याचा क्रम आहे. छपराच्या पाख्या भिंतींच्या बाहेर बऱ्याच खाली उतरतात आणि त्यांच्या सावलीत पडवी तयार होते. पडवीच्या आत ओटी, ओटीच्या आत माजघर, आणि माजघराच्या मागे स्वयंपाकघर व परस असा अंतर्मुख होत जाणारा मार्ग असतो. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली ज्या घरात झाला ते रत्नागिरी शहरातील घर राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली जतन झाले असल्यामुळे ही रचना आजही तेथे उभी राहून पाहता येते.

या दोन रचनांमधील एक फरक लाकडाच्या स्मरणशक्तीचा आहे. ओकच्या बुंध्यात दरवर्षी एक वलय पडते, चांगल्या वर्षी ते रुंद असते आणि दुष्काळी वर्षी अरुंद. त्यामुळे एखाद्या तुळईतील वलयांची मालिका त्या प्रदेशाच्या ज्ञात मालिकेशी ताडून पाहिली की झाड कोणत्या वर्षी, पुष्कळदा कोणत्या ऋतूत तोडले गेले हे सांगता येते, आणि लाकूड ओलेच वापरत असल्यामुळे तोडणीचे वर्ष हेच जवळजवळ बांधणीचे वर्ष ठरते. भारतात सागाचे लाकूड अशी साक्ष देऊ शकते, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या शतकांतील पर्जन्यमानाचा वेध घेतला आहे. परंतु कोकणी घरात सर्वाधिक जिव्हाळ्याने वापरलेला फणस वलये इतकी स्पष्ट राखत नाही. शिवाय कोकणात वाळवी आणि ओल यांच्यामुळे खराब झालेला खांब बदलणे, वासे नवे घालणे आणि दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे ही सततची कामे असल्यामुळे घराचे एकच जन्मवर्ष सांगणे कठीण होते. असे घर एकदाच बांधले जात नाही, ते दरवर्षी थोडे थोडे बांधले जाते.

तरीही लाकडाच्या टिकाऊपणाने सगळे उत्तर मिळत नाही. इंग्रज पथिकगृह पाचशे-सहाशे वर्षे टिकले याचे एक मोठे कारण ते कायद्याच्या नजरेत असलेले घर होते हे आहे. ‘पब’ हा शब्द ‘पब्लिक हाउस’ या जोडशब्दाचा संक्षेप असून त्याचा अर्थ सार्वजनिक घर असा होतो, म्हणजे एखाद्या कुटुंबाचे असूनही ज्याचे दार लोकांना उघडे आहे ते घर. त्या काळी अशा घरांचे तीन प्रकार मानले जात: ‘एलहाउस’मध्ये सातूच्या माल्टपासून घरीच आंबवलेले ‘एल’ हे पेय मिळे, ‘टॅव्हर्न’मध्ये द्राक्षाची मदिरा मिळे, आणि ‘इन’मध्ये प्रवाशाला जेवण, बिछाना व घोड्याला तबेला मिळे. १५५२ च्या कायद्याने एल विकणाऱ्याला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना आवश्यक केला, आणि १५७७ साली झालेल्या गणतीत ज्या परगण्यांची नोंद झाली तेथे १४,००० हून अधिक एलहाउस आणि १,६०० हून अधिक इन आढळले. परवाने, गणत्या, कर आणि खटले यांच्या कागदांतून प्रत्येक घराचे नाव पुन्हा पुन्हा लिहिले गेले. १५३९–४० मध्ये हिंटन आणि ग्लॉस्टर येथील मठ राजाज्ञेने बरखास्त झाले तेव्हा धनी बदलले, तरी घराचा धंदा आणि त्याची नोंद चालूच राहिली.

या कायद्यातील सर्वांत मोलाचा भाग करांविषयीचा नाही. इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे इनच्या चालकावर असे बंधन होते, की जागा शिल्लक असेल आणि प्रवासी पैसे देण्यास व नीट वागण्यास तयार असेल तर त्याला विनाकारण परत पाठवता येणार नाही. त्याच्या सामानाची जबाबदारीही चालकावरच असे. रात्री रस्त्यावर अडलेल्या अनोळखी माणसाला छप्पर मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क चालकाच्या दयेवर सोडता येत नाही, ही कल्पना त्या लाकडी चौकटीइतकीच जुनी आणि तिच्याहून अधिक भक्कम आहे. व्यवहारात तिला अपवाद झाले नसतील असे नाही, परंतु तत्त्व लिहिलेले असल्यामुळे त्याच्या आधारे दाद मागता येत होती, आणि दाद मागता येते तेव्हाच दार खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते.

कोकणात मुक्कामाची जागा देणे हा व्यापार नसून पुण्यकर्म मानले जात असे, आणि ‘धर्मशाळा’ या शब्दातच ते स्पष्ट आहे. विहीर खोदणे, झाडे लावणे, पाणपोई चालवणे आणि धर्मशाळा बांधणे यांची गणना एकाच प्रकारच्या दानात होत असे. ज्या गावी धर्मशाळा नसे तेथे देवळाचा लाकडी खांबांवरचा सभामंडप, नाहीतर एखाद्या घराची ओटी वाटसरूला मिळे, आणि त्याबद्दल पैसे घेणे हलकेपणाचे समजले जाई. या उदारतेचे मोल कमी लेखता येणार नाही, कारण तिच्यामुळे हजारो पायी यात्रेकरू, कीर्तनकार, फेरीवाले आणि चाकरीच्या शोधात निघालेली माणसे रात्र सुखाने काढू शकली. परंतु दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर चालते, आणि ही इच्छा जातीच्या उंबऱ्यापाशी थांबत असे. ओटीपर्यंत कोणी यावे, पडवीतच कोणी बसावे आणि अंगणाच्या कडेलाही कोणी उभे राहू नये, हे ठरलेले होते. घराचे खण जसे मोजले जात तसे माणसाचे प्रवेशाचे अंतरही मोजले जाई.

डॉ. भीमराव आंबेडकर, ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्याच्याच मंडणगड तालुक्यात आहे, यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत १९०१ सालच्या एका प्रवासाची हकीकत नोंदवली आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघालेले लहानगे भीमराव आणि सोबतची मुले मसूर स्थानकावर उतरली, त्यांची जात कळताच गाडीवाले मिळेनात, दुप्पट भाडे देऊन मिळालेली बैलगाडी त्यांनाच हाकावी लागली, आणि रात्री वाटेवरच्या नाक्यापाशी पोचल्यावर डब्यातले अन्न असूनही पाणी मिळाले नाही म्हणून ती उपाशीच निजली. मुक्कामाच्या घराचा कोणताही इतिहास या रात्रीला टाळून लिहिता येत नाही. खांब सागाचे असोत की ओकचे, तुळया कोरीव असोत की साध्या, ज्या थांब्यावर तहानलेल्या मुलांना पाणी नाकारले जाते तो थांबा वास्तू म्हणून कितीही देखणा असला तरी आपल्या कामात चुकलेला असतो.

म्हणूनच महाराष्ट्रातील पथिकगृहांच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची तारीख एखाद्या इमारतीच्या पायाभरणीची नसून ती ४ ऑगस्ट १९२३ ही आहे. त्या दिवशी मुंबईच्या विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला, आणि सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजांना खुल्या असाव्यात असे जाहीर झाले. ठरावात पाण्याच्या शेजारी धर्मशाळेचा स्पष्ट उल्लेख होता ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, कारण प्रवाशाच्या दोन मूलभूत गरजा त्यात एकत्र आल्या होत्या. बोले हे भंडारी समाजाचे नेते होते, आणि भंडाऱ्यांचा परंपरागत व्यवसाय माडाची माडी काढण्याचा. इंग्लंडमधील एलप्रमाणे माडी हे किनारपट्टीतील साधे घरगुती पेय होते, परंतु १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माड छेदण्यावर जड कर बसवून त्या व्यवसायाचा कणा मोडला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलेल्या माडीवरही नियंत्रण आले. इंग्लंडमध्ये परवान्याने पेयगृहाला दीर्घायुष्य दिले, कोकणात त्याच साधनाने ते आखडले. पण त्याच कोकणी व्यावसायिक समाजातून आलेल्या माणसाने मुक्कामाच्या दाराला कायद्याचा आधार दिला. रत्नागिरी शहरात १९३० च्या दशकात सर्व जातींच्या लोकांना एकत्र बसता येईल असे उपाहारगृह निघाले, तेही याच वाटेवरचे एक पाऊल होते.

पुढे मुक्कामाची गरजच बदलली. इंग्लंडमध्ये १८३० नंतर आगगाड्या धावू लागल्या तेव्हा घोडागाड्यांच्या मार्गावरची पथिकगृहे ओस पडली. लंडनच्या सदर्क भागातील, १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या ‘जॉर्ज इन’च्या चौकातील सज्जांच्या दोन बाजू रेल्वे कंपनीने गोदामासाठी पाडल्या, आणि उरलेली एक बाजू आज वारसा जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या मालकीत जपली जाते. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली, पुढे गावोगाव एसटीचे थांबे झाले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली. दिवसाची मजल तासावर आली, रात्रीचा मुक्काम चहाच्या कपाएवढा आखूड झाला, आणि पालीसारख्या नाक्यावर धर्मशाळेची जागा उपाहारगृहाने घेतली, ज्याला मराठी माणूस निजण्याची सोय नसतानाही ‘हॉटेल’ म्हणतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्ग १७ चा ६६ झाला आणि नंतर चौपदरीकरणाचे काम सुरू झाले, तेव्हा कोकणातील अनेक बाजारपेठांत रस्त्याला लागून असलेली जुनी कौलारू बांधकामे मार्गातून हटवली गेली; ज्या रस्त्याने ती जन्माला घातली होती त्यानेच ती मागे घेतली.

या प्रक्रियेत जुन्या सांगाड्यांचे काय होते, हे विशेष विचार करण्यासारखे आहे. कुसू आणि मेखेने जोडलेले घर पाडावे लागत नाही, ते उकलता येते. त्यामुळे कोकणातील जुन्या घरांचे खांब, कोरीव दारे आणि तुळया विकत घेतल्या जातात, शहरांत जातात, आणि एखाद्या दिवाणखान्यात शोभेचा खांब होऊन उभ्या राहतात. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण नशिबाच्या फेऱ्याविषयी आहे, पण येथे ती शब्दशः खरी होते, कारण वासे खरोखरच घर सोडून निघून जातात. लाकूड वाचते आणि घर नाहीसे होते. भार वाहण्यासाठी घडवलेला खांब भार नसलेल्या जागी उभा राहतो, आणि त्याचा अर्थ निम्मा होतो. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली इंग्लंडमध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली तेव्हा त्यांचा आग्रह असा होता, की जुन्या वास्तूला नव्याने सजवण्यापेक्षा तिची रोजची निगा राखावी, म्हणजे गळणारे छप्पर वेळीच दुरुस्त करावे आणि कुजलेल्या लाकडाला आधार द्यावा. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळणारा कोकणी घरमालक या तत्त्वाचे आचरण त्याचे नाव न ऐकताही पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे.

निगा मात्र वापराशिवाय टिकत नाही, आणि नॉर्टन सेंट फिलिपच्या घराकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे: ते संग्रहालय झाले नाही, तेथे आजही संध्याकाळी चूल पेटते आणि परक्या माणसाला निजायला खोली मिळते. कोकणातील अनेक घरांत आज वृद्ध दांपत्य किंवा कुलूप एवढेच उरले आहे, कारण मुले मुंबई-पुण्यात स्थिरावली आहेत. अशा घरांना केवळ वारशाचा मान देऊन त्यांचे वासे सरळ राहणार नाहीत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेसारख्या उपक्रमांतून घराच्या एक-दोन खोल्या प्रवाशांना देण्याचा जो मार्ग खुला झाला आहे, तो या दृष्टीने उत्पन्नाच्या साधनाहून अधिक मोलाचा आहे. त्यामुळे ओटी पुन्हा ओटी होते, माजघरात पुन्हा पानांची पंगत बसते, आणि छपराची गळती कोणाच्या तरी लक्षात येते. फक्त तेथे येणाऱ्याला त्याचे नाव विचारावे, त्याचे कूळ विचारू नये, ही १९२३ च्या ठरावाची शिकवण प्रत्येक उंबऱ्यावर लिहिलेली असली पाहिजे.

मराठीत प्रवाशाला ‘उतारू’ म्हणतात आणि त्याच्या मुक्कामाच्या जागेला ‘उतारा’. दोन्ही शब्दांत ओझे खाली ठेवण्याची कल्पना आहे, आणि ‘मंझिल’ या मूळ शब्दाचा अर्थही तोच होता. खांब छपराचा भार घेतो आणि तो चौथऱ्याच्या चिऱ्यांवरून जमिनीत उतरवतो, तर थांबा वाटसरूच्या खांद्यावरचा भार घेतो आणि तो रात्रभरासाठी भुईवर ठेवू देतो. आंबा घाटाच्या चढणीआधी पालीच्या सपाटीवर कित्येक पिढ्यांच्या बैलांनी आणि माणसांनी आपली ओझी उतरवली असतील. त्या जागी उद्या जे घर राहील किंवा नव्याने उभे होईल, त्याचे खांब सागाचे असतील की सिमेंटचे हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की पावसात भिजलेला, अंधारात वाट चुकलेला, कोणाच्याही ओळखीचा नसलेला माणूस त्या पडवीत येऊन उभा राहिला, तर त्याच्या खांद्यावरची पिशवी घेण्यासाठी आतून कोणी पुढे येईल काय.